बारीक जेट

माझं खरं नाव पोस्टमनला माहीत असेल, बाकी सगळी गल्ली मला भडकू म्हणते. म्हणू दे. चाळीस वर्षं कार्बोरेटर उघडून ज्याच्या हाताची सालं गेली त्या माणसाने वर गोडही बोलावं, असं ज्यांना वाटतं त्यांनी शोरूममध्ये जावं. तिथे टाय लावलेला पोरगा गोड बोलतो आणि गाडीला हातही लावत नाही.

सांगतोय ते पेंटरच्या गाडीबद्दल. खरं म्हणजे ती आम्हा दोघांची गाडी. पण हे एवढंसं वाक्य कुणी आणि कसं म्हणायचं यावरून आमची नऊ वर्षं गेली, म्हणून जपून सांगतो.

पेंटर माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. आधी दोस्त झाला आणि मग दाजी, त्यामुळे मी त्याला पेंटरच म्हणत राहिलो. ताई सुरुवातीला डोळे वटारायची, नंतर तिनेही हात टेकले. आम्ही भागीत गॅरेज काढलं. पत्रा आणि रंग त्याचा, इंजिन माझं. एकदा आमच्याकडे दोन दारांची एक चिमुकली गाडी आली, इंजिन खलास झालेली, आणि त्याच आठवड्यात मागून चेपलेली एक व्हॅन. व्हॅनचं दणकट इंजिन काढून चिमुकलीत बसवायचं, असं आमच्या डोक्यात शिरलं. सगळ्यांनी वेड्यात काढलं. सव्वा वर्ष लागलं. पुढचा पत्रा कापून जागा केली, एकाच्या जागी दोन कार्बोरेटर लावले, कागदोपत्री इंजिनाचा बदल रीतसर नोंदवून घेतला. मग पेंटरने तिला निळा रंग दिला. अकरा वेळा मारला, अकरा वेळा घासला. तसला निळा मी आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

चढाला ती अशी सुटायची की मोठ्या गाडीवाले आ वासून बघायचे. लग्नानंतर पेंटर आणि ताई त्याच गाडीतून घाट ओलांडून समुद्रावर गेले, आणि मागच्या सीटवर गुडघे कानाला लावून मी. नव्या जोडप्याच्या मध्ये हा मेहुणा कशाला, म्हणून लोक हसले. अहो, पण कार्बोरेटर नवे बसवलेले, वाटेत रुसले तर बघणार कोण?

भांडण झालं ते एका शब्दावरून. गाड्यांच्या मासिकाचा एक माणूस फोटो काढायला आला होता. मी गाडीखाली पडलेलो, पायच तेवढे बाहेर. त्याने विचारलं, "कुणी बनवली?" आणि पेंटर म्हणाला, "मी." आम्ही नाही, मी! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी तसाच बाहेर सरपटत आलो आणि परक्या माणसासमोर ओरडलो, "तू फक्त रंग फासलास!" त्याने ब्रश धुतले, डबे बंद केले, गाडी घेतली आणि गेला. परत आला नाही. मीही बोलावलं नाही. ताई अधूनमधून यायची, डबा ठेवायची, "दोघंही तसलेच" म्हणायची आणि निघून जायची. नऊ वर्षं.

आणि या साली एका सकाळी शटर वर करतो तर समोर पेंटर. केस पार पिकलेले, हात खिशात. मागे निळी गाडी, तिच्या मागे काळा धूर.

"धुराच्या टेस्टला दोनदा नापास झाली," तो म्हणाला. हाय नाही, हॅलो नाही. "तिसऱ्यांदा झाली की नंबर रद्द. मग सरळ भंगारात, दाबायच्या मशीनखाली."

"मग? गल्लीत दुसरे मेकॅनिक मेले का?"

"तीन जणांनी बघितली. दोन कार्बोरेटर बघून तिघांनी हात वर केले."

बरं वाटलं ऐकून, खोटं कशाला बोलू? मी फडकं उचललं आणि बॉनेट उघडलं. तो बाजूला उभा राहून बघत होता, पण बघण्यात काहीतरी चुकत होतं. मी म्हटलं, "तो लाल दांड्याचा पाना दे." त्याने पेटीत हात घातला आणि काळा उचलून दिला.

"लाल म्हटलं, लाल! बहिरा झालास का?"

"बहिरा नाही," तो म्हणाला. "लाल गेला. हिरवापण गेला. सगळं राखाडी दिसतं. निळा तेवढा उरलाय, तोही धुऊन धुऊन विटलेल्या कपड्यासारखा. डॉक्टर म्हणतात, अजून दोन-तीन महिने. रस्ता, माणसं, खड्डे, सगळं दिसतं अजून. पण पुढच्या तपासणीला लायसन्स जाणार."

ज्या माणसाने एका निळ्यासाठी अकरा हात मारले त्याचे रंग गेले होते. मी उगाच एक नट घट्ट होता तो पुन्हा घट्ट केला.

"तिला समुद्रावर न्यायचंय," तो म्हणाला. तिला म्हणजे ताईला. "याच गाडीतून, मी चालवत. निळा जायच्या आत. एकदाच."

"बसने जा की. दिवसाला चार बसा आहेत."

"बसने गेलं तर तिने मला नेलं असं होतं. मला तिला न्यायचंय."

मी म्हटलं, "गाडी ठेव आणि जा. डोक्यावर उभा राहू नकोस."

चार दिवस मी त्या दोन कार्बोरेटरना वाहिलेले होते. सगळं सुटं केलं, धुतलं, फुंकलं. एकातला पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट गळत होता, तो बदलला. आवाजाला कान लावून दोन्ही एकसारखे केले. धूर मोजायच्या यंत्राचा आकडा साडेतीनच्या आत हवा होता, आणि गाडी सहावरून साडेचारवर आली. त्याच्या खाली यायला तयार नाही! व्हॅनचं इंजिन, दोन कार्बोरेटर, ती पिणार तेवढं पिणारच.

मग उरला एकच इलाज, जुन्या मेकॅनिक लोकांचा. जेट म्हणजे मण्याएवढा पितळेचा तुकडा, मध्ये सुईच्या टोकाएवढं भोक. इंजिनाला लागणारं पेट्रोल त्या भोकातून जातं. टेस्टपुरते बारीक भोकाचे जेट लावायचे. पेट्रोल कमी, धूर साफ, आकडा खाली. पण अशा गाडीला जोर द्यायचा नाही. हळूहळू टेस्टला न्यायची, हळूहळू आणायची आणि आधीचे जेट परत लावायचे. विसरून चढाला पाय दाबला तर इंजिन आतल्या आत तापतं आणि पिस्टनला भोक पडतं. म्हणून आमच्या गॅरेजचा पहिल्यापासूनचा नियम होता: बारीक जेट लावले की स्टिअरिंगला कापडाची चिंधी बांधायची. चिंधी आहे तोवर गाडी बैलगाडीसारखी हाकायची. आधीचे जेट परत लावून झाल्यावर, लावणाऱ्यानेच चिंधी सोडायची, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. हा नियम पेंटरनेच केला होता, कारण एकदा त्याने स्वतः एका गिऱ्हाइकाच्या गाडीची वाट लावली होती.

टेस्टच्या दिवशी तो आला, आत बसला, स्टिअरिंगवर हात फिरवला. चिंधी बोटाला लागली तसा हसला.

"अजून बांधतोस?"

"मग काय, तुझ्यासारखा विसरभोळा आहे का मी?" मी म्हटलं. "आधीचे जेट खिशात घेतलेत. टेस्ट झाली की तिथेच पार्किंगमध्ये बदलून देतो. मग जा कुठे मरायचं तिथे."

नऊ वर्षांनी आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. तो पस्तीसच्या वर गेला नाही. मागचे हॉर्न वाजवून थकले. मला मनातून इतकं बरं वाटत होतं, पण तोंडाने मी सगळा रस्ता त्याच्या ड्रायव्हिंगला नावं ठेवली.

टेस्ट सेंटर म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड, पिवळे पट्टे, आणि एक इन्स्पेक्टर, ज्याच्या चेहऱ्यावरून वाटावं की धूर आपणच त्याच्या तोंडावर सोडतोय. पेंटर फी भरायला गेला होता तेवढ्यात, इन्स्पेक्टर स्टिअरिंगवर बसायच्या आधी, मी चिंधी सोडून खिशात टाकली. ही असली चिंधी म्हणजे काय, हे त्या जमातीला बरोबर कळतं. सायलेन्सरमध्ये नळी गेली. आकडा चढला, थांबला, खाली आला. दोन पूर्णांक नऊ! मग पाय दाबून इंजिन वाढीव फेऱ्यांवर धरलं. तीन पूर्णांक एक. माझा जीव भांड्यात पडला. पेंटरने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होते.

तो सर्टिफिकेट घ्यायला खिडकीवर गेला. मी गाडी पार्किंगमध्ये लावली, बॉनेट उघडलं, स्क्रूड्रायव्हर हातात घेतला, जेटची डबी काढली. वीस मिनिटांचं काम. तेवढ्यात पेंटर कागद नाचवत आला आणि त्याच्याबरोबर तो इन्स्पेक्टर, आता चेहरा सैल सोडून.

"भारी गाडी आहे हो," इन्स्पेक्टर म्हणाला. "कुणी बनवली?"

तोच प्रश्न.

पेंटर म्हणाला, "यानेच. मी फक्त रंग फासला."

आता तुम्ही म्हणाल, यात रागवायचं काय? नऊ वर्षं मला हेच ऐकायचं होतं. पण ते शब्द माझे होते ना! माझ्याच तोंडचे, जसेच्या तसे, त्याने नऊ वर्षं जपून ठेवलेले आणि परक्या माणसासमोर काढलेले. मला टोमणाच वाटला तो. कानशिलं तापली. "नऊ वर्षं हेच धरून बसलास होय?" मी ओरडलो. तो म्हणाला, "अरे, मी खरंच म्हणतोय." मी कुठला ऐकतोय! "ठेव तुझं खरं तुझ्यापाशी," म्हटलं, बॉनेट दाणकन आपटलं, आणि चालायला लागलो. तो मागून दोनदा हाक मारत होता. मी वळलो नाही. बस पकडून घरी आलो.

तो खरंच म्हणत होता. आज मला हे माहीत आहे. त्या दिवशीही, बसमध्ये दोन स्टॉप गेल्यावर, कळलं होतं.

संध्याकाळी शर्ट काढताना खिशातून चिंधी निघाली. तिच्या मागून डबी. चार जेट, आत खुळखुळत. मी तसाच खुर्चीत बसलो. फोन समोर होता. एक वाक्य बोलायचं होतं: जेट राहिलेत, गाडी काढू नकोस. पण ते बोलायचं तर आधी मी फोन करायला हवा, आणि मी फोन केला म्हणजे मी नमलो. मी स्वतःला समजावलं, उद्या थोडाच लगेच जातोय तो? समुद्राला जायचं म्हणजे ताईला चार दिवस तयारी लागते. आणि त्यालाही कळायला हवंच की जेट राहिलेत. तोच करील फोन, तोच येईल. येऊ दे त्याला. मी फोन हातात घेतला होता, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. घेतला, नंबर लावला, आणि वाजायच्या आत ठेवला.

त्याला कसं कळणार होतं? त्याने मला उघड्या बॉनेटवर स्क्रूड्रायव्हर घेऊन वाकलेलं पाहिलं होतं. गाडीत बसून स्टिअरिंगवर हात फिरवला असेल, चिंधी नाही. आमच्या नियमाने काम झालेलं होतं.

सकाळी दहाला मी फोन केला. वाजत राहिला. पुन्हा केला. ते दोघं उजाडायलाच निघाले होते.

दुपारी गाडी ट्रकच्या मागे लटकत माझ्याच दारात आली. ट्रकमधून आधी ताई उतरली, मग पेंटर, तिच्या खांद्यावर हात ठेवून. दोघं धडधाकट आहेत हे बघून मला रडूच आलं असतं, पण मी ट्रकवाल्यावर खेकसलो की गाडी नीट उतरव.

"घाटात तिसऱ्या गिअरात टाकली," पेंटर स्टुलावर बसत म्हणाला. "पाय पूर्ण दाबला. काय आवाज आला रे! तुझी ताईपण हसायला लागली. मग एकदम कडाडलं आणि सगळं संपलं. माथा दोन वळणांवर होता." माथ्यावरून समुद्र दिसतो, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

ताई आत स्टोव्हवर चहा करायला गेली. पेंटर हळू आवाजात म्हणाला, "एक विचारू? रागावू नकोस. ट्रकमध्ये बसल्या बसल्या माझ्या मनात पाप आलं. म्हटलं, हा रागात गेला, जेट राहिले तर नसतील?"

मी फडक्याला हात पुसत राहिलो.

"प्लग काढ," तो म्हणाला. "प्लग सांगेल."

बरोबर होतं त्याचं. प्लगचं टोक तपकिरी असलं तर पेट्रोल नीट मिळत होतं. काळं असलं तर जास्त. पांढरं असलं तर कमी मिळालं आणि इंजिन भाजलं. शिकाऊ माणसालाही कळतं. मी पाना लावला. पहिला प्लग हातात आला आणि मी बघत राहिलो. पांढराफटक. टोकाला बारीक फोड आलेले. दुसरा बघायची गरजच नव्हती.

"कसा आहे रंग?" पेंटरने विचारलं. त्याचा चेहरा माझ्याकडे होता, डोळे प्लगवर होते, आणि गॅरेजच्या अंधारात त्या डोळ्यांना पांढरा नि तपकिरी सारखेच राखाडी होते.

मी सांगणार होतो. देवाशपथ, तोंड उघडलं ते सांगायलाच. आणि तोंडातून आलं, "तपकिरी."

"कसला तपकिरी?" तो म्हणाला. शेवटी पेंटरच तो. "गडद? फिका?"

"फिका. बिस्किटासारखा."

त्याने लांब श्वास सोडला. "म्हणजे तुझं काम चोख होतं. मीच ताणली." तेवढ्यात ताई चहाचे कप घेऊन बाहेर आली. तो तिला म्हणाला, "ऐकलंस? मी उगाच याच्यावर संशय घेतला. बघ गं जरा तू, तपकिरीच आहे ना?"

ताईने कप खाली ठेवले. प्लग माझ्या बोटांतून घेतला आणि शटरपाशी उजेडात नेला. तीस वर्षं पेंटरच्या घरात काढलेली बाई, तिला पांढरा आणि तपकिरी कळत नव्हता? आणि गॅरेजवाल्याची बहीण, तिला पांढऱ्याचा अर्थ माहीत नव्हता? तिने प्लग बघितला. मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. माझी मान वर होईना.

"हो," ती म्हणाली. "तपकिरीच आहे."

पेंटर उठला, माझ्या खांद्यापाशी आला. "माफ कर रे," म्हणाला. "तुझं इंजिन जाळलं मी." आणि मी, ज्याच्या तोंडाला जन्मात कधी कुलूप लागलं नाही तो मी, "असू दे" म्हणालो.

जाताना तो पुढे गेल्यावर ताई दारात थांबली. "बसने चला म्हटलं यांना," ती म्हणाली, "तर आता नको म्हणतात. घरी बसून काय करणार? तुझ्याकडे येत जातील संध्याकाळचे." मी म्हटलं, "ताई, मी..." तिने मला पुढे बोलू दिलं नाही. "आता सांगू नकोस त्यांना. अजून नऊ वर्षं काढायची ताकद नाही माझ्यात."

म्हणून तुम्हाला सांगतोय. पेंटर रोज येतो. पाच वाजले की स्टुलावर बसतो आणि नव्या गिऱ्हाइकांना गोष्ट सांगतो, इंजिन एक नंबर होतं, याने जीव ओतून बसवलं होतं, मीच जाळलं. परवा कुणीतरी त्याला विचारलं, आता निळा तरी दिसतो का? तो म्हणाला, नाही, गेल्या महिन्यात गेला. मी मान खाली घालून कार्बोरेटर धूत होतो, धूतच राहिलो.